मृदंग भिजले, शब्दही वाहून गेला : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय, कर्नाटक सरकार, यांस
सविनय नमस्कार.

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या गावात वीटभट्टीवर आणि गवंड्यांच्या हाताखाली राबणाऱ्या घरांतील पंचविसेक मुलामुलींचे भजनी पथक मी चालवतो. गेल्या वर्षी एका समारंभात, गळ्यातला हार उतरवण्याआधीच, सरकारच्या एका अधिकाऱ्यांनी या पथकाला समाजमंदिरातील खोली आणि मृदंगाची नवी जोडी देण्याचा शब्द दिला होता. जोडी आलीच नाही. खोलीला मात्र गेल्या आठवड्यात दुसरेच कुलूप लागले, आमचे साहित्य ओसरीवर आले आणि रात्रीच्या पावसात होते ते दोन्ही मृदंग भिजले. शाई सुटलेल्या पुडीवर, म्हणजे मृदंगाच्या चामडी तोंडावर, कितीही कणीक थापली तरी बोल उमटत नाही, हे त्या अधिकाऱ्यांना कोणी सांगावे?

दोन वाद्ये भिजली म्हणून एवढा आकांत कशाला, असे आपणास वाटेल. शाळेत हजेरीलाही तोंड न उघडणारी एक मुलगी आमच्याकडे मृदंग वाजवते. लय तिच्या हातात असते आणि तिच्याहून दांडगी पोरे टाळ आवरून तिच्याकडे पाहत समेवर येतात. एकाने घाई केली की सगळ्यांचे बिघडते, म्हणून दुसऱ्याचे ऐकावेच लागते, आणि एक गैरहजर राहिला तर चाल पोकळ वाटते, म्हणून ज्याला कुठेच कोणी विचारत नाही त्याचीही तिथे वाट पाहिली जाते. शाळा सोडलेली दोन मुले याच ओढीने पुन्हा वर्गात बसू लागली.

या पथकापायी मी दुकान लवकर बंद करतो, उधारीवर टाळ आणतो, घरच्यांची बोलणी खातो आणि साखर वाढलेली असताना कचेरीच्या बाकावर उपाशी बसतो. मराठीत अर्ज दिला तर कन्नडमध्ये आणा म्हणतात. कन्नडमध्ये नेला तर साहेब मीटिंगमध्ये असतात. आमची मुले तुकोबांचा अभंग आणि कन्नड संतकवी पुरंदरदासांचे पद एकाच बैठकीत गातात, कारण दोघांचाही विठ्ठलच. हा सीमाप्रश्न त्यांनी केव्हाच सोडवला आहे. अडला आहे तो फक्त आपल्या टेबलावर.

व्हेनेझुएलात 1975 साली होसे आंतोनियो आब्रेउ यांनी जेमतेम अकरा मुलांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला, आणि पुढे तिथल्या सरकारांनी पैसा पुरवल्यामुळे गरीब वस्त्यांतील लाखो मुलांच्या हाती वाद्ये आली. आपल्याकडे 2012 साली बेळगावलगतच्या हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध हे विधिमंडळाचे भवन उभे राहिले, चारशे कोटींच्या आसपास खर्च झाला म्हणतात, आणि ते गजबजते हिवाळी अधिवेशनापुरते. त्यातील एका दालनाच्या पडद्यांच्या पैशांत आमच्या तालुक्यातील प्रत्येक पथकाला मृदंग मिळाला असता. हिशेब माझा अंदाजाचा आहे, चुकीचा असल्यास आपण खरा आकडा जाहीर करावा. कुमार गंधर्व 1924 साली याच जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मले. त्यांच्या नावाचे कलामंदिर बेळगावात आहे, तिथे भाषणेही होतात, पण खेड्यातील मुलाला सूर लावायला चार भिंती मिळत नाहीत.

खोलीची किल्ली आषाढी वारीच्या आधी मिळावी, दोन्ही मृदंगांना नव्या पुड्या चढवून द्याव्यात आणि शिकवणाऱ्या वयोवृद्ध बुवांना मानधन सुरू करावे. यांपैकी काहीच जमणार नसेल तर तसे लेखी कळवावे. मराठीत नको असेल तर कन्नडमध्ये चालेल, आमची मुले वाचून दाखवतील.

आपला,
एक भजनी नागरिक