पाऊल न ठेवलेल्या राज्याचा कर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या करमुक्त राज्यांविषयी आपल्या अंकात आलेला लेख माझ्या भावाने कराडहून फोटो काढून पाठवला. त्याचा मुलगा पुढच्या वर्षी शिकायला इकडे येणार आहे, त्यामुळे घरातल्या सगळ्यांनी तो वाचला. न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात राहायला गेले की दुसऱ्या राज्याची करवसुली सीमेवरच थांबते, असे त्यात म्हटले आहे. मी चौदा वर्षे याच राज्यात, नॅशुआला राहते. लेखातले म्हणणे अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी आपली मुले अडकतात, म्हणून हे पत्र.

आमचे गाव अगदी मॅसॅच्युसेट्सच्या वेशीवर आहे. इथल्या फेझंट लेन मॉलच्या पार्किंगचा दक्षिणेकडचा भाग पलीकडच्या टिंग्जबरो गावात येतो. मॉलच्या इमारतीचा कोपरा मात्र तिरका छाटून अलीकडेच ठेवला आहे, कारण भिंत पलीकडे गेली असती तर विक्रीकराचा प्रश्न आला असता. आमच्याकडे विक्रीकर नाही, पगारावरही राज्याचा कर नाही. घरपट्टी मात्र जबर आहे. आपल्याकडे प्राप्तिकर केंद्राचा असतो आणि राज्य पगारातून घेते तो व्यवसाय कर, तोही वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. इथे बहुतेक राज्यांचा स्वतःचा प्राप्तिकर असतो, आणि राहायचे एका राज्यात, नोकरी दुसऱ्यात, असे झाले की भानगड सुरू होते.

माझी कंपनी मॅसॅच्युसेट्समध्ये, बर्लिंग्टनला. रूट ३ वरून रोजचे जाणे-येणे. तिकडे जाऊन काम केलेल्या दिवसांच्या पगारावर त्या राज्याचा पाच टक्के कर लागायचा. तो मी कधीही कुरकुर न करता भरला. मार्च २०२० मध्ये ऑफिस बंद झाले आणि लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर आला. एका टोकाला मुलाची ऑनलाइन शाळा, दुसऱ्या टोकाला माझ्या मीटिंगा, मध्ये गार झालेले पोहे. दर दोन आठवड्यांनी पगाराची स्लिप यायची आणि मॅसॅच्युसेट्सच्या कराची ओळ त्यात जशीच्या तशी असायची. महासाथीमुळे घरून काम करणाऱ्याचा पगार पूर्वीसारखा तिकडेच कमावला असे धरायचे, असा नियम त्या राज्याने केला होता. मी दीड वर्ष बर्लिंग्टनला पाऊल ठेवले नव्हते, आणि तिथे मला मतही नाही.

१९ ऑक्टोबर २०२० रोजी न्यू हॅम्पशायरने याविरुद्ध थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. माझ्यासारख्या नोकरदारांसाठी आपले राज्य उभे राहिले, याचे मला फार अप्रूप वाटले होते. २८ जून २०२१ रोजी न्यायालयाने कारण न देता तो दावा ऐकायलाच नकार दिला. न्या. थॉमस आणि न्या. अलिटो या दोघांचेच मत दावा घ्यावा असे होते. तो नियम १३ सप्टेंबर २०२१ पर्यंत चालू राहिला आणि माझे पैसे गेले ते गेलेच.

आता लेखातल्या खऱ्या अर्ध्याविषयी. परराज्याच्या हाताला मर्यादा आहेत, हे बरोबर. न्यूयॉर्कमध्ये दहा हजार डॉलर किंवा त्याहून जास्त कर थकला तर गाडी चालवण्याचा परवाना निलंबित होऊ शकतो. पण न्यू हॅम्पशायरने दिलेला परवाना काढून घेणे न्यूयॉर्कच्या हातात नाही. केंद्राच्या कर परताव्यातून राज्याच्या प्राप्तिकराची थकबाकी वळती करता येते, पण तुमच्या विवरणपत्रावरचा पत्ता त्याच राज्यातला असेल तरच. मात्र त्या राज्याने तुमच्याविरुद्ध न्यायालयाचा हुकूमनामा मिळवला, की तो आमच्या राज्याला मानावाच लागतो. करासाठी मिळालेला हुकूमनामाही दुसऱ्या राज्याला नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्येच मिलवॉकी काउंटीच्या खटल्यात ठरवले आहे.

हे ठाऊक नसल्यामुळे आमच्या ओळखीचा नागपूरचा एक मुलगा पोळला. वर्षाच्या मध्यावर तो दुसऱ्या एका राज्यातून इथे आला. सोडलेल्या राज्याचे विवरणपत्र भरायची गरज नाही, असे त्याला एका करसल्लागाराने सांगितले. नोटिसा जुन्या पत्त्यावर जात राहिल्या. तिसऱ्या वर्षी एक पाकीट फिरत फिरत त्याच्या हाती पडले, तेव्हा व्याज आणि दंड धरून रक्कम जवळपास दुप्पट झाली होती. आमच्याच टेबलावर बसून त्याने ते उघडले. हात थरथरत होते, चहा तसाच राहिला. विवरणपत्रच न भरलेल्याला मुदत उलटल्याचा फायदाही सहसा मिळत नाही. आता तो दरमहा हप्ते फेडतो आहे. तो कर मात्र रास्त होता. सहा महिने तिथे राहून त्याने कमावले होते.

माझे भांडण आहे ते दुसऱ्या प्रकारच्या कराशी. जिथे राहिलो नाही, काम केले नाही, त्या राज्याचा कर थकला म्हणून माझ्याच राज्याने माझा परवाना किंवा गाडीची नोंदणी अडवू नये, आणि असल्या वसुलीला मदतही करू नये. दुकानदारांना आमच्या राज्याने काही संरक्षण दिलेले आहे. ऑनलाइन विक्रीवर परराज्यांना कर मागता येईल, असा निकाल २०१८ मध्ये वेफेअर या ऑनलाइन विक्री कंपनीच्या खटल्यात लागला. त्यानंतर, न्यू हॅम्पशायरच्या व्यापाऱ्यांकडे कर मागण्याआधी परराज्याने आमच्या अॅटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, सूचना द्यावी, असा कायदा आमच्याकडे २०१९ मध्ये झाला. पगारदारांसाठीही असेच काही करा, असे मी आमच्या आमदारांना लिहिले आहे. आमच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य आहेत आणि त्यांना वर्षाला शंभर डॉलर मानधन मिळते. ही माणसे वाण्याच्या दुकानात भेटतात, त्यामुळे मी त्यांना गाठून पुन्हा विचारणार आहे.

तोवर आपल्या वाचकांना एवढे जरूर सांगावे: राज्य बदलले त्या वर्षी वर्षाचा काही भागच तिथे राहिलेल्यांसाठीचे दोन्ही राज्यांचे नियम पाहा, जुन्या राज्याच्या कर खात्याला नवा पत्ता कळवा, आणि आलेले पाकीट त्याच दिवशी उघडा. भाचा येईल तेव्हा त्याच्या हाती मी हेच लिहून देणार आहे. आपण छापले, तर इतरांच्या मुलांपर्यंतही पोहोचेल.

आपली,
एक वाचक, नॅशुआ, न्यू हॅम्पशायर (मूळ गाव कराड)