फॉरेस्ट केव्ह्जला जाण्याआधी

प्रिय चिन्मय,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी मेलबर्नहून फिलिप आयलंडला जायचं ठरलंय, सोबत सोलापूरचा एक आणि नागपूरचा एक मित्र आहे, आणि तिथल्या गुहा बघायच्या आहेत, एवढं तू सांगितलंस. फोन ठेवल्यावर मी नकाशा उघडला. गुहा म्हणजे फॉरेस्ट केव्ह्ज. जाऊ नको असं मी म्हणणार नाही. वेंगुर्ल्यात वाढलेल्या मुलाला समुद्रापासून दूर राहा म्हणून सांगायचं तरी कसं? पण फोनवर तू "हो गं आई" म्हणतोस आणि विषय संपतो, म्हणून लिहिते आहे.

२४ जानेवारी २०२४ रोजी, तिथल्या भर उन्हाळ्यात, याच किनाऱ्यावर भारतीय वंशाच्या एकाच कुटुंबातली चार माणसं बुडाली. तिथे जीवरक्षकांचा पहारा नसतो. ऑस्ट्रेलियात किनारे ११,००० हून जास्त, आणि पहारा असतो तो जेमतेम ५ टक्क्यांवर, तोही ठरावीक मोसमात, ठरावीक वेळी. लाल-पिवळे झेंडे दिसले तर त्या दोन झेंड्यांच्या मधलं पाणी कुणीतरी डोळ्यात तेल घालून बघतंय. झेंडे नसले तर कुणीही बघत नाहीये. शेजारी दहा लोक डुंबत असले म्हणून यात काही बदलत नाही. ते दहाही तुझ्यासारखे पाहुणेच असू शकतात.

तुला वाटेल, आईला कोकणातलं पाणी माहीत, तिथलं काय कळणार. खरंय, आणि मला नेमकी भीती त्याचीच आहे, फक्त तुझ्या बाबतीत. आपल्याकडे समुद्राचं वागणं महिन्यावर कळतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी शहाणा पाण्यात पाय घालत नाही, आणि दिवाळीनंतर तोच समुद्र मवाळ होतो. फिलिप आयलंडच्या दक्षिण किनाऱ्याला असा मवाळ महिना नाही. दूर दक्षिण महासागरात वादळ होतं, तिथून निघालेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून या किनाऱ्यावर फुटतात. म्हणजे वर निळं आभाळ, वारा पडलेला, आणि खाली हे पाणी! शिवाय मोठ्या लाटा जथ्याने येतात. मधे काही मिनिटं सगळं शांत असतं. माणसं नेमकी त्या शांततेत आत शिरतात.

म्हणून गाडीतून उतरल्यावर लगेच खाली पळू नका. वरून निदान दहा मिनिटं नुसतं बघत राहा. कुठे लाटा फुटून पांढरा फेस होतोय आणि कुठे होत नाहीये, ते शोध. जिथे फेस नाही, पाणी जरा गडद दिसतं, वर बारीक सुरकुत्या आहेत किंवा गढूळ वाळू आत वाहत चालली आहे, ती वाट बाहेर ओढणाऱ्या प्रवाहाची. तिथले लोक त्याला रिप म्हणतात. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत जायला जागा शोधतं, आणि शेताची मेर एका ठिकाणी फुटली की सगळं पाणी तिथूनच धावतं, तसं वाळूच्या दांड्यांमधल्या खोल घळीतून ते समुद्रात निघून जातं. घळ खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही; लाट फुटत नाही, म्हणून नवख्याला तीच जागा पोहायला बरी वाटते. किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढताना मामा "पाणी भायर वडता" म्हणतो ना, ते हेच. फक्त तिथला जोर वेगळा. जोराच्या रिपविरुद्ध ऑलिंपिकवाल्यालाही पोहता येत नाही.

सापडलास तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडायचं नाही. दम तिथेच संपतो. उताणा तरंग, एक हात वर करून मदत माग. रिप पाण्याखाली खेचत नाही, बाहेर नेते. त्राण असेल तर आडवा, किनाऱ्याला समांतर, जिथे फेस दिसतोय तिकडे जा. तिथे पाणी उथळ असतं आणि लाटाच आत ढकलतात. एका दिशेने जमेना तर पुन्हा तरंग आणि मग दुसरी दिशा बघ.

तुझ्या त्या दोघा मित्रांना मात्र पोहता येत नाही. त्यांना कमरेइतक्या पाण्यातही जाऊ देऊ नकोस. मागच्या लाटेने पायाखालची वाळू गेली आणि पुढची छातीवर आली की झालं. इथे २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडला सहलीला गेलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले, आणि तो महिना आपल्या समुद्राचा शांत महिना. खडकांवर उभं राहून फोटो काढायचे असतील तर ओल्या खडकावर नाही. ओला आहे म्हणजे तिथवर लाट येऊन गेली आहे. गुहा बघायच्या तर ओहोटीतच, आणि पाणी वळायच्या आत बाहेर.

कुणी आत गेलाच, तर त्याच्या मागे रिकाम्या हाताने उडी घ्यायची नाही, तू कितीही चांगला पोहत असलास तरी. हे मी आई म्हणून सांगते आहे असं समज हवं तर. आधी ००० ला फोन. घाईत आपला ११२ च आठवला तर तोही तिथे मोबाइलवरून लागतो. जवळपास हिरवी पाटी असेल, तीन अक्षरं आणि तीन आकडे असलेली. ती वाचून दाखवली की त्यांना जागा कळते. मग तरंगणारं जे हाताला लागेल ते फेका, बोर्ड, बर्फाच्या पेटीचं झाकण, काहीही.

हॅरॉल्ड होल्ट हे नाव तू तिथे ऐकलं असशील. तिथला पंतप्रधान, सराईत पोहणारा. १७ डिसेंबर १९६७ ला तुमच्या मेलबर्नजवळच्याच शेव्हिअट बीचवर पाण्यात गेला तो सापडलाच नाही. पुढे मेलबर्नकरांनी त्याचं नाव दिलं ते एका पोहण्याच्या तलावाला. काय बोलायचं!

डुंबायचंच असेल तर त्याच बेटावर वुलामाय किनाऱ्यावर जीवरक्षक क्लबचे लोक उन्हाळ्यात झेंडे लावतात, पण लाटा तिथेही मोठ्याच, तेव्हा झेंड्यांच्या मधेच. त्या दोघांसाठी उत्तरेकडचं काउझ बरं, ते खाडीच्या बाजूला आहे. निघायच्या आधी ओहोटीची वेळ बघून ठेव. आणि संध्याकाळी पेंग्विन किनाऱ्यावर चढतात ते बघूनच परत फिरा. तिथे फोटो काढू देत नाहीत म्हणे, तेव्हा रविवारी फोनवर सगळं नीट सांग. आजीला तर पेंग्विन चालतात कसे तेवढंच ऐकायचंय.

तुझी,
आई

ता.क. खोबऱ्याच्या वड्या मित्रांना दिल्यास की नाही?