चित्रातली प्रत्येक बाई गेशा नसते

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जपानी लाकडी ठशांच्या चित्रांवर अख्खं पान आलं, बघून खूप आनंद झाला, नाहीतर जपानी चित्र म्हटलं की होकुसाईची ती लाट, त्याच्या पुढे कोणी जातच नाही. पण पानावर चार चित्रं आणि चारही चित्रांखाली फक्त 'गेशा' एवढंच छापलंय. त्यातल्या एकात दोन मुली हातात फळ्या घेऊन फूल टोलवतायत, त्या कुठून गेशा झाल्या?

तो हानेत्सुकी, नव्या वर्षाचा खेळ. फळीला हागोइता म्हणतात आणि फूल म्हणजे रिठ्याची बी, तिला पिसं खोचलेली. घरोघरच्या मुली खेळायच्या. त्या चित्रात बाह्या पार खाली लोंबतायत, म्हणजे बहुतेक लग्न न झालेल्या मुली. असं किमोनो बघूनच बरंच कळतं. भुवया काढलेल्या आणि दात काळे केलेले असतील तर ती सहसा लग्न झालेली बाई. ओबीची, म्हणजे कमरेच्या रुंद पट्ट्याची, मोठी गाठ पुढे आणि केसात खूप साऱ्या पिना असतील तर ती बहुधा एदोच्या (म्हणजे जुन्या टोकियोच्या) योशिवारा ह्या वेश्यावस्तीतली ओइरान, म्हणजे वरच्या दर्जाची गणिका, आणि तीसुद्धा गेशा नव्हे. गेशा म्हणजे शामिसेन वाजवणारी, गाणारी, नाचणारी कलावंत, तर ओइरान कर्जाच्या करारात अडकलेली. त्या बायकांचं आयुष्य काय होतं हे त्या सुंदर चित्रात दिसत नाही, म्हणून तर खाली नीट लिहायला हवं ना.

मला सगळ्यात आवडतात ती चिकानोबू ह्या चित्रकाराची चित्रं. हा माणूस सामुराई घरातला, 1868 मध्ये शोगुनच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, बाजूने लढलेला, ती बाजू हरली, आणि मग 1895 च्या सुमारास त्याने एदोच्या किल्ल्यातल्या जनानखान्याची चित्रमालिका काढली, तीन तीन कागद जोडून एक चित्र. शोगुनांच्या काळात तिथलं आयुष्य असं उघड छापणं शक्यच नव्हतं. त्यात बायका फुलं बघायला निघाल्यात, खेळतायत, गप्पा मारतायत. ह्यांना गेशा म्हणणं म्हणजे फारच झालं.

खेळ पण किती! शंभर कवींच्या शंभर कवितांचे पत्ते, एकीने कविता वाचायला घ्यायची आणि बाकीच्यांनी उरलेल्या ओळींचा पत्ता झडप घालून उचलायचा, म्हणजे सगळ्या कविता पाठ हव्यात. शिंपल्यांचा खेळ तर त्याहून जुना, आतून रंगवलेले शिंपले पसरायचे आणि जोडी शोधायची, एका शिंपल्याचा अर्धा भाग दुसऱ्या कुठल्याच शिंपल्याला बसत नाही, म्हणून मोठ्या घरातल्या नवरीबरोबर हे शिंपले सासरी जायचे.

अजून एक, चित्रकाराचं नाव तुम्ही दिलंत पण चेरीच्या लाकडावर कपाळाजवळचा एकेक केस कोरणारा कारागीर आणि प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लावून ते जुळवून छापणारा, ह्यांच्याबद्दल एक ओळही नाही. 1765 मध्ये चित्रकार हारुनोबूची बहुरंगी चित्रं आली ती ह्या लोकांच्या हातामुळेच.

पुढच्या वेळी फोटोखाली चित्रकार, साल, आणि बाई काय करतेय एवढं तरी छापा. आणि त्या हानेत्सुकीच्या चित्राची दुरुस्ती ह्या रविवारी द्या, प्लीज.

एक नियमित वाचक