तुमचा प्रश्न 1663 सालचा आहे

आदरणीय ताई,

असं जाहीर पत्र तुम्हाला आवडणार नाही. "एवढं काय केलं मी?" म्हणाल. म्हणून तुमचं नाव आणि गाव दोन्ही गाळतोय. पण सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्या 'एथिक्स' या ग्रंथाचा चौथा भाग परवा वाचून झाला. विमा कचेरीत फायली हाताळणाऱ्या आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात कधी पाऊलही न टाकलेल्या माणसाकडून हे झालं, ते कुणामुळे हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणामुळे झालं नाही, हेही ठाऊक आहे. आधी तेच सांगून टाकतो, म्हणजे मन मोकळं होईल.

एका विद्वानांनी मला यादी दिली होती. स्पिनोझाच्या आधी देकार्त, देकार्तच्या आधी मध्ययुगीन मंडळी, त्यांच्या आधी ॲरिस्टॉटल, आणि थोडं लॅटिन येत असेल तर फारच छान. एवढं सगळं करून माणूस स्पिनोझापर्यंत पोचेल तेव्हा त्याची पेन्शन सुरू झालेली असेल. दुसऱ्या एका गृहस्थांनी "स्पिनोझा म्हणजे तिकडचे शंकराचार्यच" एवढं बोलून विषय संपवला. आणि एका व्याख्यानानंतर धीर करून मी एक प्रश्न विचारला होता. विचार आणि विस्तार (म्हणजे जागा व्यापणं) हे एकाच द्रव्याचे, म्हणजे स्वतःच्या बळावर असणाऱ्या मूळ वस्तूचे, दोन गुणधर्म, आणि प्रत्येक गुणधर्म दुसऱ्याच्या आधाराशिवाय समजतो, असं हा माणूस म्हणतो. मग ही दोन वेगळी द्रव्यं का नाहीत? वक्ते हसले. "हा नवख्यांचा नेहमीचा गोंधळ. वाचत राहा." मागच्या रांगेतले दोघंतिघंही हसले. त्यानंतर बरेच दिवस ते पुस्तक कपाटातच होतं.

तोच प्रश्न मी तुम्हाला वाचनालयात विचारला, तोही चाचरतच. तुम्ही चष्मा काढलात, जरा वेळ काहीच बोलला नाहीत, आणि म्हणालात, "मला लगेच सांगता येणार नाही. बघून सांगते."

लोक असं म्हणतात आणि विसरतात. तुम्ही त्याच रात्री फोन केलात. "झोपला नाहीत ना? अहो, तुमचा प्रश्न 1663 सालचा आहे!"

तो फोन मी जन्मात विसरणार नाही. ॲम्स्टरडॅममध्ये स्पिनोझाच्या मित्रांचं एक अभ्यास मंडळ होतं. पुस्तक अजून छापलेलंही नव्हतं, लिहून होईल तसा मजकूर त्यांच्याकडे यायचा. पाळीपाळीने एकाने वाचायचं, समजावून सांगायचं, आणि अडेल ते टिपून थेट लेखकाला पत्राने विचारायचं. त्यांच्यातल्या सिमॉन दे व्हरीसने जवळजवळ माझीच शंका लिहून पाठवली होती. दोन निराळे गुणधर्म दिसले तर तिथे दोन निराळी द्रव्यं आहेत असं का म्हणू नये? आणि स्पिनोझा हसला नाही. त्याने उत्तर लिहिलं, वर मित्राला समजावं म्हणून दोन दाखले दिले. बायबलमधल्या तिसऱ्या कुलपुरुषाला इस्राएल म्हणतात आणि त्यालाच याकोबही म्हणतात. नावं दोन, माणूस एक. दुसरा दाखला सपाट पृष्ठभागाचा आणि पांढऱ्या रंगाचा. तो मला अजून नीट पटलेला नाही, आणि "मलाही नाही" असं तुम्हीही कबूल केलंत. पण त्या रात्री पटण्या-न पटण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या शंकेवर सभागृहात हशा पिकला होता, तीच शंका लेखकाच्या जिवलग मित्राने लेखकालाच विचारली होती, हे मला कुणीतरी शोधून सांगत होतं.

मग तुम्ही मला 'एथिक्स' उलटंसुलटं वाचायला लावलंत. पहिल्याच ओळीत 'स्वतःच स्वतःचं कारण असणं' याची व्याख्या येते. भूमितीच्या पुस्तकासारखी ही मांडणी आहे : पहिल्या भागातच 8 व्याख्या, 7 गृहीतकं, 36 विधानं आणि त्यांच्या सिद्धता. नवखा माणूस तिथेच गारद होतो. तुम्ही म्हणालात, पुढच्या दाराने आत जाता येत नसेल तर मागचं दार उघडं आहे. पहिल्या भागाचं परिशिष्ट आधी वाचा.

काय परिशिष्ट आहे ते! छपरावरून दगड पडून एक माणूस मरतो. का पडला? वारा सुटला म्हणून. वारा तेव्हाच का सुटला? तो माणूस नेमका तेव्हाच तिथून का चालला होता? अशी 'का'ची माळ ओढत लोक अखेरीस देवाच्या इच्छेपाशी जाऊन थांबतात, आणि स्पिनोझा त्या इच्छेला अज्ञानाचा आसरा म्हणतो. हे वाचताना कचेरीतल्या अपघाती मृत्यूच्या फायली डोळ्यांपुढे आल्या. या माणसाला 1656 साली, वयाच्या 23व्या वर्षी, ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने वाळीत का टाकलं असेल, याचा थोडा अंदाज आला. व्हॉट्सअ‍ॅपवर 'स्पिनोझाचा देव' म्हणून जो गोडगोड मजकूर फिरतो, त्यात देव माणसाला बाळा-बाळा करत उपदेश करतो. परिशिष्टातला देव कुणाशी बोलत नाही, त्याला हेतूही नाहीत. तो मजकूर मला पुन्हा कुणी पाठवला तर मी आता उत्तरादाखल परिशिष्ट पाठवणार आहे.

त्यानंतर तिसऱ्या भागाची प्रस्तावना, त्या भागाच्या शेवटी दिलेल्या भावनांच्या व्याख्या, आणि चौथ्या भागातल्या टिपा. सिद्धतांमध्ये मान खाली घालून चालणारा स्पिनोझा टिपांमध्ये मान वर करून बोलतो, चिडतो, टोमणे मारतो. आशा म्हणजे ज्याच्या परिणामाची खात्री नाही अशा गोष्टीच्या कल्पनेतून आलेला अस्थिर आनंद. म्हणून भीतीशिवाय आशा नाही आणि आशेशिवाय भीती नाही. विम्याचा धंदा इतक्या थोड्या शब्दांत मला आजवर कुणी समजावला नव्हता. आणि चौथ्या भागातल्या 45व्या विधानाखालची टीप तुम्ही मला मोठ्याने वाचायला लावलीत. शहाण्या माणसाने बेताचं चांगलं खावं-प्यावं, सुवास घ्यावेत, हिरवी झाडं पाहावीत, गाणं ऐकावं, नाटकाला जावं. वाचनालयातले शिपाईदादा थांबून ऐकत होते. "कोण म्हणतं हे?" त्यांनी विचारलं. असा प्रश्न पडावा असं तत्त्वज्ञान त्यात आहे हे मला त्या यादीवाल्यांकडून कधीच कळलं नसतं.

शंकराचार्यांचं तुम्ही एका वाक्यात मिटवलंत : "अद्वैत तूर्त घरी ठेवून या, नंतर सावकाश तुलना करू." किती बरं झालं! स्पिनोझाच्या लेखी हे टेबल, हा पाऊस, हे शरीर कशाचाही आभास नाही. विस्तार हा खुद्द देवाचाच, म्हणजे त्या एकमेव द्रव्याचाच, गुणधर्म आहे. हे मी 'आपल्याकडे आधीच आहे' म्हणत वाचलं असतं, तर डोळ्यांसमोर असून दिसलं नसतं.

ताई, विद्वत्ता पुष्कळांकडे असते. समोरच्याला लहान न करता बोलणं फार थोड्यांना जमतं. स्पिनोझाचा एक जुना चरित्रकार सांगतो की हेगमध्ये घरमालकिणीने त्याला विचारलं, माझ्या धर्मात राहून माझा उद्धार होईल का? देवाला इच्छा नाही असं सिद्ध करून बसलेल्या या माणसाने तिच्यापुढे आपली विधानं मांडली नाहीत. तुमचा धर्म चांगला आहे, शांतपणे आणि भक्तीने जगा, दुसरं काही शोधू नका, असं तो म्हणाला. कुणी याला ढोंग म्हणेल. मला तो सभ्यपणा वाटतो. रांगेत पुढे उभ्या म्हाताऱ्याला फॉर्म भरून देणारा कारकून, चुकीचा पत्ता विचारणाऱ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जाणारा दुकानदार, ही सगळी त्याच जातीची माणसं. यांची भाषणं होत नाहीत आणि यांच्या गळ्यात हार पडत नाहीत.

चौथ्या भागातलं 71वं विधान तुम्ही मुद्दाम सांगितलं नसणार. ते माझं मीच गाठलं : फक्त मुक्त, म्हणजे विवेकाने जगणारी, माणसंच एकमेकांविषयी खरी कृतज्ञ असतात. मी अजून मुक्त वगैरे नाही. 'एथिक्स'च्या हिशेबाने माझी कृतज्ञता बहुधा कच्चीच ठरेल. तरी ती आहे तशी ठेवून घ्या.

आणि आता पाचवा भाग. 23वं विधान म्हणतं की शरीराबरोबर मन पूर्णपणे नष्ट होत नाही, त्यातलं काहीतरी शाश्वत उरतं. पहिल्या भागापासून ज्याने आपले सगळे आधार काढून घेतले, तो इथे नेमकं काय परत देतोय? हा आधार म्हणायचा का? की दे व्हरीसच्या मंडळींनी याच्यावरही कुठे पत्र लिहिलंय? रविवारी वाचनालय उघडं असेल तर येतो. उत्तर लगेच नको, बघून सांगा.

तुमचा,
विमा कचेरीतला विद्यार्थी