उन्हाळ्याचं दही सोलापूरच्या हिशोबानं लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत घरी दही लावायची कृती आली होती. वाचून बरं वाटलं, कारण हल्ली दही म्हणजे पाकीटच असं झालंय. पण त्यात रात्री विरजण लावून ८ ते १० तास झाकून ठेवा असं छापलंय, ते आपल्या सोलापुरात एप्रिल-मे मध्ये केलं तर सकाळी दही मिळत नाही हो. माझ्या सुनेनं अगदी तसंच केलं, दीड लिटर म्हशीचं दूध, सकाळी भांडं उघडलं तर वर हिरवट पाणी, खाली चोथा आणि चमचाभर चाखलं तरी दात आंबले. शेवटी कढी करून संपवलं. पोरगी रडवेली होऊन म्हणते आई मला साधं दही पण लावता येईना. तिचं काय चुकलं, तिनं पेपरात वाचलेलं केलं.

दह्यातले जे जंतू असतात ते दुधातली साखर खाऊन आंबटपणा तयार करतात आणि त्यानं दूध गोठतं. ४० ते ४५ अंशाची ऊब त्यांना सगळ्यात मानवते. आता आपल्याकडे पारा ४२-४३ ला जातो, पत्र्याच्या घरात रात्री ११ ला ओट्याला हात लावला तरी गरम लागतो, म्हणजे त्यांना पाहिजे ती ऊब अख्खं घरच देतंय. दही तीन-चार तासात लागतं आणि नंतरचे पाच-सहा तास ते नुसतं आंबत बसतं.

आमच्या सासूबाई विड्या वळायच्या. उन्हाळ्यात पहाटे पाचला विरजण लावून मग पानं कापायला बसायच्या, नऊच्या सुमाराला एकदा उठून भांडं हलकंच तिरकं करून बघायच्या, दही कडेनं सुटलं की लगेच ते भांडं पाण्याच्या परातीत आणि वर ओलं फडकं. फ्रीज नव्हता तेव्हा. आता फ्रीज आहे तर लागल्या लागल्या फ्रीजमध्ये टाका, थंडीनं आंबणं मंदावतं, एवढंच करायचंय. विरजण पण उन्हाळ्यात लिटरला अर्धा चमचा पुरे. आणि दूध उकळी आल्यावर बारीक गॅसवर आणखी १० मिनिटं ठेवायचं, त्यानं दही घट्ट होतं, ते तुमच्या कृतीत नव्हतं. पण कढत दुधात विरजण अजिबात नको, ते जंतू मरतात. बोट बुडवून सहज धरवलं की मगच.

अजून एक, कृतीत लिहिलंय विरजण नसेल तर बाजारातून आणा. आधी शेजारी तरी मागा की! आमच्या वाड्यात पद्मशाली मावशी पेरुगु म्हणायच्या, समोरच्या अक्का मोसरु म्हणायच्या, आम्ही दही, पण विरजण तिन्ही घरांत फिरायचं, एकीचं बिघडलं की दुसरी वाटीत घालून द्यायची. आता शेजारणीकडे वाटी घेऊन जायला लाज वाटते आणि १८ जुलै २०२२ पासून पाकिटाच्या दह्यावर ५ टक्के जीएसटी लागला तरी पाकीटच आणतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. कुणीच नसेल तर कोमट दुधात हिरव्या मिरचीची चार देठं टाकून ठेवा, पहिलं दही पातळ येतं, त्याचं विरजण करून दुसऱ्यांदा लावलं की चांगलं येतं.

तुमचे ८-१० तास चूक नाहीत, ते गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर जत्रेच्या थंडीत बरोबर आहेत. तेव्हा आम्ही पण चमचा-दोन चमचे विरजण घालून भांडं सोलापुरी चादरीत गुंडाळून रात्रभर ठेवतो. म्हणून विनंती अशी की पुढच्या पुरवणीत उन्हाळ्याची वेळ वेगळी छापा, नव्यानं शिकणाऱ्या पोरी वाचतात तुमचा पेपर.

सुनेनं परवा परत लावलं, सकाळी सहाला. दहा वाजता बघितलं तर अशा कवड्या पडल्या होत्या की चमचा उभा राहिला. शेंगाचटणी आणि कडक भाकरीबरोबर दुपारच्या आत भांडं रिकामं.

आपली,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर