तो 'प्रसाद' सर्वांना का मिळत नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी वसई तालुक्यातील निवृत्त प्राथमिक शिक्षिका. दर रविवारी आमच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते. या पत्राचे कारण मात्र माझ्या घरातल्या लग्नात घडले.

मे महिन्यात मुलाचे लग्न झाले. शाळेत बावीस वर्षे माझ्या शेजारी बसून डबा खाल्लेल्या बाई लग्नाला आल्या होत्या. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या आमच्या मुख्य उपासनेत, वेदीपाशी मिळणारी पवित्र भाकरीची चकती घ्यायला लोक उठून रांगेत लागले तशा त्याही लागल्या. पदर सावरून, उजव्या हाताखाली डावा हात धरून, देवळात तीर्थ घ्यायला उभे राहावे तशा. रांग सांभाळणारा एक तरुण म्हणाला, "हे फक्त ख्रिश्चनांसाठी आहे." त्या मागे फिरल्या आणि जेवायलाही थांबल्या नाहीत. मला हे दुसऱ्या दिवशी कळले. आठवड्याने नालासोपाऱ्याला त्यांच्या घरी गेले, तेव्हा चहाचा कप माझ्या हातात देत त्यांनी विचारले, "तुमच्यातही शिवाशिव असते का हो?"

त्यांना जे सांगितले तेच इथे सांगते. नाताळ झाला की आमच्याकडे लग्नांची रीघ लागते, आणि हाच प्रश्न मनात घेऊन परतणारे पाहुणे पुष्कळ असतील.

प्रसाद म्हटले की तो येईल त्याला द्यायचा, ही आपल्याकडची सुंदर रीत. आमच्या शेजारच्या वहिनी गणपतीत मोदकांचे ताट पाठवतात, तेव्हा घरात कोण कोण आहे हे विचारत नाहीत. गोंधळ होतो तो प्रसाद या शब्दाने. पाहुण्यांना सांगताना आम्हीच तो सोपा म्हणून वापरतो. चर्चमध्ये मिळते ती चकती गव्हाचे पीठ आणि पाणी एवढ्याचीच. मीठ नाही, साखर नाही, खमीर नाही. पण येशूने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून "हे माझे शरीर आहे" असे म्हटले, ते आम्ही कॅथलिक अक्षरशः खरे मानतो. फादर मिस्सेत तेच शब्द उच्चारतात, त्यानंतर ती भाकर आमच्यासाठी भाकर उरत नाही. ती साक्षात ख्रिस्त असते. म्हणून उरलेली वेदीमागच्या पेटीत ठेवतात आणि पेटीजवळ अखंड दिवा तेवतो. खाली कण पडला तर तोही उचलतात. माझ्या वर्गातली मुले पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे ही भाकर पहिल्यांदा घेण्याच्या, आधी सराव करतात, तो अशाच चकत्यांवर. फक्त त्या मिस्सेत अर्पण केलेल्या नसतात. "बाई, याला चवच नाही," असे एखादे मूल दरवर्षी म्हणतेच. मग समोरासमोर दोन चकत्या असल्या, तर डोळ्यांना न दिसणारा फरक कशात आहे हे आठ-नऊ वर्षांच्या मुलाला समजावण्यात माझे कित्येक रविवार जातात.

तोवर त्या मुलालाही ख्रिस्तशरीर मिळत नाही. त्याचे आईवडील, आजोबा, पणजोबा सगळे ख्रिस्ती असले तरी नाही. आधी बाप्तिस्मा, मग शिकवण, मग पहिले कुमसार म्हणजे फादरांजवळ आपल्या चुका कबूल करणे, आणि मग ते. अहिल्यानगरकडचे आमचे प्रॉटेस्टंट व्याही बाप्तिस्मा घेतलेले, बायबल माझ्यापेक्षा अधिक पाठ असलेले. आम्ही सात संस्कार मानतो, ते बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोनच. तेही आमच्या मिस्सेत बाकावर बसून राहतात. यात जातपात नाही, हे बाईंना पटले ते या व्याह्यांमुळे.

आणि मी स्वतः? थोरल्या जावेशी विहिरीच्या पाण्यावरून वाद झाला, तेव्हा मी सात महिने त्या रांगेत गेले नाही. रविवार चुकवला नाही. पण सगळे उठले की मी गुडघे टेकून जागेवरच राहायची. वेदीपाशी अर्पण आणलेस आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असे येशूने सांगितले आहे. कुमसाराला गेले तर फादर म्हणाले, आधी घरी जा. मग जावेच्या ओटीवर जाऊन बसले. ती काही बोलली नाही, उठून चहा ठेवला. त्या रविवारी हात पुढे केला तेव्हा "आमेन" म्हणताना माझा आवाज फुटेना. माझी आजी तर आदल्या मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंबही घेत नसे. आता एक तासाचा उपास पुरतो.

संस्कार सोडून बाकी चर्चमध्ये तुमच्यासाठी काही बंद नाही. मेणबत्ती लावा, फुले वाहा, मरियामातेजवळ जे मागायचे ते मागा. संध्याकाळी आमच्या घरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते, पाच दशके. प्रत्येक दशकात एकदा 'स्वर्गातील आमच्या बापा' आणि दहा वेळा 'नमो मरिया'. शेजारची मुले सोबत म्हणता म्हणता ती पाठ करून बसली आहेत. त्यांच्या आयांना त्याचे काही वाटत नाही आणि आम्हीही त्यांना ख्रिस्ती व्हा म्हणत नाही.

राहिली आमच्याच लोकांची गोष्ट. पाहुण्याला रांगेत गाठून परतवणे मला मान्य नाही. कम्युनियनच्या आधी चार वाक्यांत, मराठीत, माइकवरून सांगता येते: ज्यांनी हा संस्कार घेतलेला नाही त्यांनी बसून आमच्यासाठी प्रार्थना करावी. लग्नपत्रिकेसोबत एक चिठ्ठीही घालता येईल. काही ठिकाणी पाहुणे छातीवर हात आडवे ठेवून येतात आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. आपल्या फादरांना आधी विचारून हेही करता येईल. धर्मग्रामातील, म्हणजे आपापल्या चर्चच्या परिसरातील, तरुणांनी एवढे मनावर घ्यावे.

जानेवारीत माझ्या भाचीचे लग्न आहे. बाई येते म्हणाल्या आहेत. या वेळी त्या माझ्या बाकावर, माझ्या शेजारी बसतील.

— एक धर्मशिक्षिका, वसई