राज्य फेरीत सगळ्या मुलींना एकच कापड द्या

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेची तयारी कशी करावी, यावर आपल्या रविवार पुरवणीत पानभर मजकूर आला होता. त्वचा, केस, आहार, चालणं, इंग्रजी बोलणं, आत्मविश्वास, सगळं होतं त्यात. कपड्यांबद्दल मात्र एकच ओळ: पोशाख अंगाला शोभेल असा निवडावा. ज्यांनी लिहिलं त्यांनी आयुष्यात कधी गाऊन शिवून घेतलेला दिसत नाही. म्हणून हे पत्र.

मी साताऱ्यात खण आळीच्या मागच्या बाजूला लेडीज टेलरिंग करते. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शिवलेली नऊवारी, जूनमध्ये शाळांचे युनिफॉर्म. अलीकडे लग्नाआधीच्या फोटोंसाठी गाऊनही शिवायला येतात. पत्राखाली माझं नाव छापू नका. दुकान ओळखीचं आहे, आणि मी जिच्याबद्दल लिहितेय ती पोरगी कोण, हे साताऱ्यात दुपारपर्यंत सगळ्यांना कळेल. तिचे वडील एसटीत वाहक आहेत. तिला मिस इंडियाच्या राज्य निवडीसाठी उतरायचं होतं आणि त्यासाठी ती हातात एक यादी घेऊन माझ्याकडे आली.

ती यादी स्पर्धेवाल्यांची नव्हती, हे आधीच सांगते. ती होती पुण्यातल्या एका ग्रूमिंग क्लासची, म्हणजे मुलींना अशा स्पर्धांसाठी तयार करतात तिथली. अंगाबरोबर बसणारा काळा ड्रेस, दोन लांब गाऊन, त्यातला एक फिशकट, गुडघ्यापर्यंतचा एक पार्टी ड्रेस, एक भारतीय पोशाख, टॅलेंट राउंडसाठी आणखी एक, आणि प्रत्येकाखाली त्या त्या रंगाच्या उंच टाचांच्या सँडल. बाजूला अंदाजे किमती लिहिलेल्या आणि खाली एका दुकानाचं नाव, जिथून हे भाड्याने किंवा विकत घ्यावं. मी बेरीज केली. नुसत्या कपड्यांचा आकडा क्लासच्या फीच्या वर गेला. आता क्लासवाल्यांचं आणि त्या दुकानाचं काय नातं ते मी कशाला बोलू. आमच्या धंद्यात कापडवाल्याकडे गिऱ्हाईक पाठवलं की दिवाळीला मिठाई येते, एवढं मला माहीत आहे.

टीव्हीवर आपल्याला दिसते ती एक रात्र. मुकुट, अश्रू, कागदाचे चमचमते तुकडे. त्याआधी काय काय होतं, ते मला त्या पोरीकडून कळलं. २०१७ पासून फेमिना मिस इंडियात राज्याराज्यांतून एकेक प्रतिनिधी निवडली जाते. म्हणजे महाराष्ट्रातून एकच. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि आमचा सातारा, सगळ्या मुली त्या एका जागेसाठी. निवड झालेल्यांचं मग प्रशिक्षण शिबिर असतं. तिथेही रोज कुणी ना कुणी बघत असतं. हसू, चालणं, फोटोत कशी दिसते, अंगी कला काय, अशा छोट्या छोट्या स्पर्धांचे किताबांचे वेगळे पट्टे मिळतात. शेवटच्या रात्री टप्प्याटप्प्याने गाळत जातात आणि उरलेल्यांना प्रश्न विचारतात. त्या रात्रीचे गाऊन नामांकित डिझायनरांचे असतात, त्यामुळे तिथे सगळ्या निदान एका पायरीवर उभ्या असतात. माझं भांडण आहे ते त्याच्या कितीतरी आधीच्या फेऱ्यांशी. तिथे पोरगी स्वतःच्या कपाटातून येते, आणि सगळ्यांची कपाटं सारखी नसतात.

कपड्याने काय एवढा फरक पडतो, असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या दुकानात येऊन फिशकट गाऊन घालून चालून दाखवावं. मांड्यांपर्यंत तो अंगाला चिकटून असतो आणि खाली उघडतो. कुठून उघडायचा हे मापाचं काम. दोन इंच खाली उघडला की पाऊल अडकतं, पोरगी ठुमकत चालते आणि बघणाऱ्याला वाटतं, हिला चालताच येत नाही. पुढची खालची पट्टी मागच्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच वर ठेवायची, नाहीतर सँडलचं टोक तिच्यात जातं. लांबीचं माप अनवाणी घेऊन चालत नाही. ज्या सँडल त्या दिवशी घालणार त्याच घालून उभं राहायचं. साटनवर स्टेजचा उजेड पडला की टीप जरा खेचलेली असली तरी लांबून सुरकुती दिसते, म्हणून अस्तर थोडं सैल कापावं लागतं. चेन लपवून बसवली नाही तर पाठमोरं वळताना नेमकी तीच चमकते. हे सगळं भारी दुकानातल्या गाऊनमध्ये आधीच नीट केलेलं असतं. स्वस्त तयार गाऊनमध्ये नसतं. मग दोघी सारख्याच सरावाने चालल्या तरी एक सुंदर चालते आणि दुसरी अडखळते, आणि गुण 'चालण्याला' दिले जातात.

इथे सुष्मिता सेनची गोष्ट कुणीतरी काढणारच. १९९४ साली मिस इंडियाला जाताना तिच्याकडे डिझायनर कपड्यांना पैसे नव्हते. दिल्लीच्या सरोजिनी नगरच्या बाजारातून कापड आणलं, घराजवळच्या परकर शिवणाऱ्या शिंप्याकडून गाऊन शिवून घेतला, नव्या कोऱ्या मोज्यांचे हातमोजे केले, आणि ती जिंकली. ऐश्वर्या रायबरोबर गुण सारखे झाले होते, शेवटी एका जादा प्रश्नावर निकाल लागला. त्याच वर्षी ती मनिलाला मिस युनिव्हर्स झाली. तिने स्वतःच ही गोष्ट सांगितली आहे आणि मला ती मनापासून आवडते. त्याच्याही आधी, १९६६ मध्ये, रीटा फारिया लंडनला मिस वर्ल्डला गेली ती उसनी साडी आणि उसना पोहण्याचा पोशाख घेऊन. मुंबईच्या ग्रँट मेडिकलची विद्यार्थिनी होती ती. आशियातली पहिली मिस वर्ल्ड झाली, आणि पुढे डॉक्टरच झाली.

दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्या सांगून आपण काय करतो? गरिबाघरच्या मुलीला म्हणतो, बघ, तिला जमलं, तुला का नाही? अहो, त्या दोघींच्या वेळी गावोगाव क्लास नव्हते, भाड्याच्या गाऊनची दुकानं नव्हती, मोबाइलवर रोज फोटो टाकायचे नव्हते. आता तर अर्जाबरोबर आधी व्हिडिओ पाठवायचा असतो, आणि व्हिडिओत कापडाचा दर्जा लपत नाही. उलट जास्तच दिसतो. आणि त्या सरोजिनी नगरच्या गोष्टीत मला दरवेळी एकच खटकतं. बाजाराचं नाव येतं, मोज्यांचं येतं, शिंप्याचं येत नाही. परकर शिवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा गाऊन कापला असेल तेव्हा त्याचा हात थरथरला असेल की नाही, हे विचारावंसं मला वाटतं.

आमचा जिल्हा खेळाडूंचा. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला गेले तेव्हा प्रवासखर्चासाठी वर्गणी काढावी लागली होती, हे इथल्या शाळकरी पोरांनाही माहीत आहे. त्याच वर्षी इंद्राणी रहमान मिस इंडिया म्हणून अमेरिकेत लाँग बीचला पहिल्या मिस युनिव्हर्स स्पर्धेला गेल्या होत्या. खाशाबांना पैसा तिकिटाला कमी पडला. पण एकदा मॅटवर उतरल्यावर समोरच्याचे कपडे भारी म्हणून त्याला गुण मिळत नव्हते. आमच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जग जिंकलं, वयाच्या सतराव्या वर्षी. कबूल, तिरंदाजीचं धनुष्यही महाग असतं. तरी बाण कुठे लागला ते टार्गेटवर दिसतं. सौंदर्याच्या स्पर्धेत टार्गेट नाही, बघणाऱ्याची नजर आहे, आणि नजर आधी कपड्यावरच पडते. मी धंदाच त्यावर करते, मला कोण शिकवणार!

यावर माझ्या नणंदेचं म्हणणं वेगळं आहे. ती महिला मंडळात आहे. तिच्या मते मुलींना असं रांगेत उभं करून गुण देणंच मुळात चूक. १९९६ मध्ये बंगळूरला मिस वर्ल्ड झाली तेव्हा केवढी आंदोलनं झाली, स्विमसूटची फेरी सेशेल्सला न्यावी लागली, ते तिला अजून आठवतं. तिचं सगळंच चुकतंय असं नाही. मीही दिवसभर बायकांची मापंच घेते, पण ती माझ्या वहीत राहतात, त्यावरून मी कुणाचा नंबर लावत नाही. तरीही, जी मुलगी जायचंच म्हणते तिला 'जाऊ नको' म्हणून काय होणार? ती जाणारच, आणि कर्ज काढून जाईल.

कपडे जिथे मधे येत नाहीत ती फेरी म्हणजे प्रश्नोत्तरांची. खालची पट्टी टाचायला मी गुडघ्यावर बसलेली असायची, तोंडात टाचण्या, आणि ही पोरगी स्टुलावर उभी राहून मोबाइलवर तीस सेकंद लावून उत्तरं म्हणायची. पर्यावरण, स्त्रीशिक्षण, जगातली शांतता. सगळी उत्तरं एकाच साच्यातली, क्लासमधून आलेली. मी तिला मधू सप्रेची गोष्ट सांगितली. १९९२, बँकॉक, मिस युनिव्हर्स. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असं विचारलं. ती स्वतः खेळाडू, तिने सांगितलं, खेळासाठी मैदान बांधीन. लोक म्हणतात, त्या उत्तराने तिचा मुकुट गेला आणि ती तिसरी आली. साताऱ्यात कुणालाही विचारा, त्या उत्तरात वाईट काय होतं? निदान ते तिचं स्वतःचं होतं. पोरगी हसली आणि म्हणाली, "काकू, तसं बोलले तर मला पहिल्याच फेरीत घरी पाठवतील." असो, हा विषय मोठा आहे, आणि इंग्रजीचा तर त्याहून मोठा. त्यावर मास्तर मंडळींनी लिहावं.

माझी सूचना साधी आहे. राज्य निवडीला ज्या मुलींना बोलावतात त्यांना आयोजकांनी महिनाभर आधी एकच कापड पाठवावं. सगळ्यांना तेच, तेवढेच मीटर. खादी घ्या, इचलकरंजीचं सुती घ्या, विदर्भातलं करवतकाठी घ्या. (सोलापूरची चादर तेवढी नको, ती अंगावर बसत नाही.) प्रत्येकीने आपापल्या गावात, आपल्या शिंप्याकडून त्याचा हवा तो पोशाख शिवून घ्यावा आणि तोच घालून चालावं. कुणी मुंबईच्या डिझायनरकडे गेली तरी माझी हरकत नाही. चार मीटर सुतीत तो काय चमत्कार करतो, मलाही बघायचंय. बाहेरचं कापड, खडे, टिकल्या लावायच्या नाहीत, एवढा नियम पुरे. सँडलची उंचीही ठरवून द्यावी. उजेड, स्टेज, चालण्याचं अंतर सगळ्यांना सारखंच असतं, मग कापडच तेवढं का सोडायचं?

नियम बदलत नाहीत असं कुणी सांगू नये. मिस इंडियाची उंचीची अट पूर्वी ५ फूट ५ इंच होती, ती ५ फूट ३ इंचांवर आली, म्हणून तर आमच्या या पोरीला अर्ज भरता आला. मिस वर्ल्डने स्विमसूटची फेरी २०१४ मध्ये बंद करायचं ठरवलं. मिस युनिव्हर्समध्ये २०२३ पासून लग्न झालेल्या आणि मुलं असलेल्या बायकाही उतरू शकतात. २०२५ च्या मे महिन्यात हैदराबादला मिस वर्ल्ड झाली तेव्हा खेळांची फेरी गच्चीबावलीच्या स्टेडियममध्ये घेतली. सगळ्या देशांच्या मुली टी-शर्ट घालून पळत होत्या आणि कुणाच्या टी-शर्टचं कापड कुठलं, याची चौकशी कुणी केली नाही. तिथे जमतं ते इथे जमायला काय हरकत आहे?

आमच्या पोरीचं काय झालं, असं वाचणारे विचारतील. यादीतल्या निम्म्या गोष्टींवर मी काट मारली. एक काळा क्रेपचा ड्रेस आणि एक फिशकट शिवून दिला. भारतीय पोशाखासाठी तिच्या आजीचं जुनं इरकल होतं, त्याचाच लांब घागरा केला, पदराची चोळी. राज्यातून निवड झाली नाही. तिला त्याचं कारण कुणी सांगितलं नाही, आणि तसं सांगण्याची पद्धतही नसावी. तिने चोळीचा फोटो टाकला तर माझ्याकडे तशाच चोळ्यांच्या ऑर्डरी आल्या, म्हणजे फायदा झाला तो माझाच. ती आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुन्हा अर्ज भरणार म्हणते. अठरा ते पंचवीस वयाची अट आहे, तिच्या हातात अजून वेळ आहे. वडिलांच्या हातात तेवढे पैसे आहेत की नाही, ते मी विचारलं नाही.

शेवटी एक आपल्यासाठी. आपल्या पुरवणीत अशा मुलीचा फोटो छापताना छायाचित्रकाराचं नाव असतं, बऱ्याचदा मेकअप करणाऱ्याचंही असतं. डिझायनर मोठा असेल तर त्याचं असतंच. गावातल्या टेलरचं नाव मी आजवर एकदाही वाचलेलं नाही. यापुढे जिल्ह्यातल्या कुठल्याही स्पर्धेचा फोटो आला की बातमीदाराने मुलीला एवढं विचारावं, कपडे कुणी शिवले? ती सांगेल, ते फोटोखाली बारीक अक्षरात छापा. जागा फार लागणार नाही.

आपली,
एक लेडीज टेलर,
सातारा